उस्तादांचा सत्कार

लाकडी चमच्यांच्या दांड्यांवर उठावाची वेलबुट्टी कोरणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. खरं म्हणजे गेली अकरा वर्षं उस्तादांनी कोरणीला हात लावला नव्हता. कोरायची ती त्यांची धाकटी लेक, मागच्या खोलीत, दार लावून. उस्ताद पुढे दुकानात बसून वाहवा झेलायचे.

"उस्ताद, ही चिमणी आत्ता उडेल हो!" कुणी म्हणालं की म्हणायचे, "हाताचा गुण, दुसरं काय!"

धाकटी आतून ऐकायची. बाप आहे, म्हातारपणी तेवढंच सुख, असं म्हणून पुढच्या पंखाची पिसं कोरायला घ्यायची.

तिचं लग्न मात्र कधी जमलंच नाही. माणसं बघून जायची, ती जायचीच. चाळिशी उलटल्यावर एकदा मावशीच्या तोंडून निसटलं, "अगं, तुझा बापच सांगायचा ना सगळ्यांना, पोरीला फिट्स येतात म्हणून. मला वाटलं, तुला माहीत असेल."

धाकटी उठली आणि कोरणीला धार लावायला बसली.

त्याच महिन्यात कारागिरांच्या संघानं उस्तादांचा सत्कार ठरवला. लोकांसमोर एक चमचा कोरून दाखवायचा, एवढीच अट. उस्तादांची पाचावर धारण बसली.

"तू बहुतेक सगळं करून दे गं. मी वरवर हात फिरवीन. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"देते की," धाकटी म्हणाली.

भर सभेत उस्तादांनी लेकीनं बांधून दिलेलं फडकं सोडलं. आत कोरा चमचा, तोही गाठीच्या लाकडाचा. त्यांनी पहिल्या रांगेतल्या लेकीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती. तिचं बघून सगळेच वाजवायला लागले. आता माघार कसली? उस्तादांनी कोरणी टेकवली, जोर दिला. गाठीवरून ती सटकली आणि चमचा धरलेल्या तळहातातून आरपार गेली.

"वय झालं बिचाऱ्यांचं," लोक हळहळले.

डाव्या हाताची तीन बोटं कायमची वाकायची थांबली. धाकटीनं आपलं पाट-सामान पुढे दुकानात मांडलं. गिऱ्हाइकं चमचा उलटसुलट करून म्हणायची, "चांगलाय. पण उस्तादांची सर नाही." ती हसून कागदात गुंडाळून द्यायची.

रोज सकाळी बापाच्या सदऱ्याची बटणं तीच लावते. एकदा उस्ताद म्हणाले, "तू मुद्दाम केलंस."

"हो," ती म्हणाली. "हनुवटी वर करा, गळ्याचं राहिलंय."