एकोणिसाव्या मजल्यावर दोन पावलं मागे

माळीकाकांचा आणि जमिनीचा चाळीस वर्षांचा संसार. मग शहरात ती हिरवी इमारत उभी राहिली: चोवीस मजले, आणि भिंतभर कप्प्याकप्प्यांतून लावलेली झाडं. बाग आडवी असते, हे काकांचं साधं मत कोणी विचारलंच नाही. छतावरून दोरांनी सोडलेल्या लोखंडी पाळण्यात त्यांना उभं केलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस पुन्हा पाळण्यात!

पहिल्या दिवसापासून काकांची पाचावर धारण बसलेली. नाक पानांत खुपसायचं आणि खाली बघायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. शेजारी उभा राहून पाळणा चालवणारा दोरवाला चेष्टा करायचा, "काका, छाटताय की वास घेताय?"

"गप रे. तू दोर बघ, दोर."

त्या मंगळवारी एकोणिसाव्या मजल्यावर एक वेल कुणाच्या तरी खिडकीत शिरू बघत होती. शेंड्यापर्यंत हात पुरेना, म्हणून काकांनी कमरेच्या पट्ट्याचा पाळण्याला अडकवलेला आकडा सोडला. दोन मिनिटांचं तर काम. वेल झकास छाटली. आणि मग आयुष्यभर प्रत्येक छाटणीनंतर जे केलं तेच केलं: मान तिरकी केली आणि नीट दिसावं म्हणून दोन पावलं मागे सरकले.

पाळण्याची रुंदी दीड पाऊल.

कठडा कमरेत बसला, अंग मागे कललं, टाचा उचलल्या गेल्या. समोर पानांच्या जागी नुसतं आभाळ. दोरवाल्याने झेप घेऊन शर्ट पकडला आणि त्यांना आत खेचलं. एक बटण तेवढं खाली गेलं.

काका पाळण्याच्या तळाशी फतकल मारून बसले. दोरवाल्याने आधी आकडा अडकवला.

"काका, खाली घेऊ?"

"नको. हलेल."

"मग वर?"

"वर जातानाही हलेल."

"म्हणजे इथंच बिऱ्हाड करायचं का?" दोरवाल्यानेही दोन्ही हातांनी कठडा धरला होता. "मी काय दगडाचा आहे? काकूंना जाऊन काय सांगणार होतो मी?"

"तिला काही बोलायचं नाही हं!"

"मग घरी तुम्हीच जायला हवं ना?"

हे मात्र काकांना पटलं. लोक जीव मुठीत धरतात. काकांनी दोरवाल्याची पोटरी धरली आणि डोळे घट्ट मिटले. पाळणा कुरकुरत उतरू लागला. प्रत्येक मजल्यावर "आलं का?" आणि "अजून नाही."

जमिनीवर पोहोचल्यावर दोरवाल्याला आपली पोटरी एकेक बोट उचलून सोडवावी लागली. काका बाहेर आले, भुईवर बसले, तिच्यावरून हात फिरवला. मग नको नको म्हणत मान वर गेलीच.

"डाव्या अंगाला जास्त राहिलीय रे वेल."

"राहू द्या की! इथून कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना," काका म्हणाले. आणि उद्या आपण वर जाणार हे कळून त्यांनी पुन्हा दोरवाल्याची पोटरी धरली.