पळत्या गाडीचा ब्रेक

माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपला एक खोड लागली होती. ब्रेक मारला की इंजिन बंद. मागे बर्फाच्या लाद्या वितळतायत आणि दहिसर नाक्याच्या रांगेत मी स्टार्टर मारतोय, असं रोजचं झालं. दोन गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटर खोलून पाहिला, फरक शून्य.

नाक्याजवळ चिंचेखाली एक मालवणी मेकॅनिक बसायचा. कानावर बिडी असायची, पण गाडीजवळ कधी पेटवायचा नाही. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, "उभ्या गाडीत ब्रेक दाबलास तर बंद पडते?"

"नाही. पळत्या गाडीतच."

"मग ब्रेकचा दोष नाय. आत कायतरी हलतंय."

त्याने बॉनेट काढून ठेवलं आणि मडगार्डवर चढून बसला, झोपाळ्यावर बसावं तसा. "चल हळू. सांगतो तेव्हा मार."

मी ब्रेक मारला. त्याने नुसतं बोट दाखवलं. इंजिनखालचं रबर पार गेलं होतं, त्यामुळे इंजिन पुढे झुकलं आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलची आखूड वायर ताणून क्षणभर सुटली.

"गाडी थांबली रे," तो म्हणाला, "पण इंजिनाक कोणी सांगूकच नाय."

जुन्या टायरचा तुकडा कापून त्याने खाली बसवला, वायर लांब टाकली. निघताना मी नाव विचारलं.

"नाव कशाला? परत बंद पडली तर शिव्या घालायला?" आता कुठे त्याने बिडी पेटवली. "नाय पडणार."

नाही पडली. म्हणून त्याचं नाव मला अजून माहीत नाही.