नापास व्हायचं राहून गेलं

पेणच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आमचा पाच जणांचा ग्रुप होता आणि पाचही जणांना मुंबईला फायनान्समध्ये जायचं होतं. अजून एकही पोचलेला नाही. रामवाडीच्या टपरीवर भेटलो की नोकरीचं कुणी विचारत नाही, किस्सेच निघतात. हसून हसून पोट दुखतं आणि घरी जाताना रडू येतं, खरंच सांगते!

*

करिअर गायडन्सला मुंबईहून एक सर आले होते. टायबिय लावून. जोहे गावचा नितेश, आमच्यातला सगळ्यात हुशार, उभा राहिला. "सर, नुसत्या बी.कॉम.वर फायनान्समध्ये कुणी घेत नाय. मग?"

"मास्टर्स करा."

"ते करून पण नाय घेतलं तर?"

सर बाटलीतलं पाणी प्यायले. "मग गायडन्स करा. मी तेच करतो."

अख्खा हॉल हसला. मीही हसले. तेव्हा अक्कल नव्हती.

*

मी एम.कॉम.चा फॉर्म भरला. आमच्या गावी, कासूला, शेजारच्या काकी ओट्यावर वाल सोलत होत्या. "काय गो, अजून शिकतेस? पयल्या टायमाला समजला नाय काय?"

*

दोन वर्षांनी एम.कॉम. होऊन रोह्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेले. मॅनेजर म्हणाले, "आम्हाला बी.कॉम. पाहिजे. जास्त शिकलेले टिकत नाहीत. दोन वर्षं आधी का नाही आलात?"

आले होते की! याच खुर्चीत बसले होते, आणि याच माणसाने विचारलं होतं, "पुढे का शिकत नाही?"

*

नितेशचा किस्सा त्याआधीचा, आमच्या बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेचा. मुंबईच्या एका फर्मने त्याला इंटर्नशिपला निवडलं होतं. वर्षभर काम, मग पक्की नोकरी. अट एकच, ते वर्षभर तो बी.कॉम.चा विद्यार्थी असला पाहिजे. म्हणजे पास झाला की खेळ खलास! मग पठ्ठ्याने ठरवलं, एका विषयात मुद्दाम नापास व्हायचं. तोही फायनान्शिअल मॅनेजमेंटमध्ये. त्याच्या हातचा विषय, पुढल्या वर्षी डोळे मिटून निघेल.

त्याचे बाबा गणपतीचे कारखानदार. मूर्तीचे डोळे आखताना ते कुणाशी बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "म्हंजे, नापास व्हायचं?"

"नापास नाय ओ बाबा, ग्रॅज्युएशन डिले करायचं."

"न खपता राहिलेल्या मूर्तीला आपण पुढल्या वर्षी नवा रंग मारतो. गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. गप पेपर लिही!"

*

त्याने दोनच प्रश्न लिहून उठायचं, असं आमचं ठरलं होतं. मी माझा पेपर लवकर देऊन बाहेर वाट बघतेय, हा येतोय कुठे! शेवटची घंटा झाल्यावर आला, तोंड पाडून.

"किती लिहिलंस?"

"तिसरा पण लिहिला. येत होता गो! येत असताना कोरा सोडवेना."

तिथेच घात झाला. थोडेसेच मार्क कमी पडले आणि युनिव्हर्सिटीने ग्रेस देऊन त्याला पास केलं. गुणपत्रिकेवर त्या विषयापुढे ग्रेसचा बारीकसा स्टार. फर्मचा एका ओळीचा मेल आला, विद्यार्थी नसाल तर येऊ नका. तेव्हापासून कुठेही गेला की पहिला प्रश्न तोच, "फायनान्समध्येच ग्रेस?"

*

नितेश कॉलेजच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेला होता, ग्रेस मार्क काढून टाका म्हणून. क्लार्कने चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "अरे, मार्क वाढवून द्या म्हणून पोरं इथं रडतात, आणि तू मिळालेले परत करतोस?"

"करता येतात का?"

"द्यायचा नियम हाय. परत घ्यायचा फॉर्मच नाय!"

टपरीवर हा किस्सा सांगताना नितेशच सगळ्यात जास्त हसतो. मला ते बघवत नाही.

*

परवा गणपती बुक करायला जोह्याला गेले. नितेश हल्ली कारखान्यातच असतो. भिंतीवर त्याची गुणपत्रिका लॅमिनेट करून लावलीय, रंगाचे हात लागू नयेत म्हणून जरा उंचावर. मुंबईचं एक गिऱ्हाईक ती वाचत होतं. बाबा हात पुसत पुढे आले.

"माझा पोरगा. नापास व्हायचं खूळ घेतलं होतं डोक्यात. मी एकदाच बोललो, ऐकलं हो त्यानं!"

नितेश मूर्तीच्या पाठीला रंग देत होता. त्याने मान वर केली नाही. मीही पावतीत डोकं घातलं.

बाबांनी गुणपत्रिकेवर बोट टेकवलं. "आणि हे बगा, एवढ्या सगळ्या विषयांत फायनान्सलाच स्टार दिलाय!"