ऊटा आयता?

बंगळुरात कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र अशा दोन पदव्या मी एकदम करत होते, तेव्हा कोर्टात बसावं लागे. तिथे आपल्या मुलाच्या खुनाच्या खटल्याला एक बाई दर तारखेला यायची, पदर आवळून पुढच्या बाकावर बसायची. एकदा आरोपीला तिच्याजवळून नेलं आणि तिच्या तोंडून निघालं, "ऊटा आयता?" जेवलास का, हे इथे भेटेल त्याला विचारतात. तो ढसाढसा रडला.

बाहेर मला आईशी फोनवर मराठीत बोलताना ऐकून तीच बाई, मूळची निपाणीकडची, मराठीतच म्हणाली, "सवयीनं गेलं बघ तोंडातून. जन्मठेप होऊ दे त्याला, पण उपाशी कशाला?"

आता कामानिमित्त तुरुंगात कुठल्याही कैद्याशी बोलताना मी आधी तेच विचारते. दोन्ही पदव्यांवर विद्यापीठाचं नाव आहे. खरं तर तिचं हवं होतं, पण ते विचारायचंच राहून गेलं.