वायपरला तूप

आमच्या गाडीचे वायपर उन्हाळ्यातच वाळून कडक झाले होते. पावसाळा लागल्यावर काचेवरून फिरताना ते असे किंचाळायचे, की शेजारचं कुत्रं झोपेतून उठून बसायचं. मी उमरखेडहून ब्लेडची नवी जोडी आणली, डिकीत टाकली आणि दोन महिने तिला हात लावला नाही. वर्गात रोज पोरांना 'आजचं काम आज' म्हणून बजावणारी बाई मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गाडी जुनीच घेतलेली, शाळेत जाण्यायेण्यासाठी. ती दारात आली त्याच महिन्यात गोठा रिकामा झाला. बाबांची कंबर धरायची, वखर हाकून आले की दोन दोन दिवस उठवत नव्हतं. मीच मागे लागले. ट्रॅक्टरवाला येऊन वखरून देतो, आता बैल विका. बाबांनी वाद घातला नाही, जोडी विकली. पण तेव्हापासून ते माझ्या गाडीत एकदाही बसले नाहीत. महागावला जायचं असलं की म्हणायचे, "मी यष्टीनं जातो. मले कारमंदी गरगरते." खड्ड्याखड्ड्यातून उडत जाणाऱ्या एसटीत बरं गरगरत नव्हतं! बाबा रागावलेत, हे मी मनाशी धरून बसले होते. विचारलं मात्र नाही. ते 'हो' म्हणाले असते तर मी काय करणार होते?

मग पोळा आला. बैलांशिवायचा पहिला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळण असते. वर्षभर ज्यांनी जू ओढलं, त्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. त्या संध्याकाळी शेजारच्या गोठ्यातून घुंगरं वाजायला लागली, तशी मी कुकर चढवला आणि रेडिओ मोठा केला. बाबा अंगणात काहीतरी करत होते. मी मुद्दामच बाहेर गेले नाही. एवढी मी भित्री.

सकाळी पुरणाला डाळ टाकू लागले, तर बाबा म्हणाले, "आवंदा राहू दे. पह्यला घास चारशीन कोणाले?"

तरीही मी गूळ आणायला महागावला निघाले. गावाबाहेर पडते न पडते तोच पाऊस आला. वायपर सुरू केले आणि दोन फेऱ्यांत समोरची सगळी काच पिवळी झाली. काच कसली, पिठल्याचं पातेलं! ब्रेक दाबून डोकं खिडकीतून बाहेर काढलं तेव्हा कुठे दिसलं, की नाल्यावर धुवायला चाललेली एक बैलजोडी आणि तिचा मालक माझ्या बंपरपासून दोन हातांवर उभे आहेत. मी गाडी वळवली. तशीच डोकं बाहेर काढून, भिजत भिजत घरी परत आले.

"बाबा, काचेले काय लावलं?"

"काचेले नाई. त्या दांड्यायले लावलं, तूप अन् हळद," बाबा म्हणाले. "कुईकुई करू राह्यले होते ना ते."

"गाडी आहे ते, बाबा! आज माह्या हातून जीव गेला असता कोणाचा तरी!"

माझा आवाज चढला होता, पार शेजारपर्यंत गेला असेल. बाबांनी मान खाली घातली. मग पाण्याची बादली घेऊन आले आणि काच पुसायला लागले. मीही साबणाचा चुरा आणला, जुने पेपर आणले. दोनदा धुतल्यावर काच निघाली, पण रबरात तूप मुरलेलं. वायपर फिरवला की पुन्हा पिवळा पट्टा. दोन महिने टाळलेलं काम शेवटी अंगावर आलंच.

पाऊस थांबल्यावर डिकीतून नवी जोडी काढली. दुकानदारानं दाखवलं होतं तसं वायपर उभा केला, पण जुनं ब्लेड काही निघेना. मी ओढाताण करायला लागले, तसे बाबा जवळ आले.

"दांडी सोडू नको. पडली त काच फोडते." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा घडी करून काचेवर ठेवला, एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालून चाचपलं. "हे पाय, खिटी आहे इथं. दाब अन् खालतं सरकव."

ब्लेड अलगद निघालं. मी नवं लावायला घेतलं.

"थांब. हे दोन सारखे नाईत. लांब आहे ते उजवीकडं, आखूड डावीकडं. जागा बदलल्या त एकमेकांत अडकतीन. जोडीचं असंच रायते. डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुंपला की..." बाबा तिथंच थांबले.

त्यांच्या हातातली दांडी मात्र हलली नाही. मी दोन्ही ब्लेड बसवली, काचेवर मगभर पाणी ओतलं आणि वायपर सुरू केले. काच लख्ख, आवाज नाही. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

"बाबा, बैलं इकाले लावले म्हणून माह्यावर राग आहे काय तुमचा?"

"राग कायचा?" बाबांना खरंच नवल वाटलं होतं. "बैलं गेले अन् दुसऱ्या दिवशी मी कारमंदी ऐटीत बसलो, त त्यायले काय वाटलं असतं? म्हटलं, पोळ्यापर्यंत थांबू." ते बॉनेटवरचे थेंब दुपट्ट्यानं पुसत राहिले. "आता तुले सकाळी नेते अन् संध्याकाळी घरी आणते, ते हेच. मंग खांदमळण करू कोणाची?"

मी रडले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. एवढे महिने ज्याला मी राग समजत होते, तो त्यांचा दुखवटा होता, आणि तो संपवून त्यांनी माझ्या गाडीला घरात घेतलं तर मी त्यांच्यावर ओरडले होते.

ओसरीवर वाटीत थोडं तूप उरलं होतं. मी त्यात हळद कालवली.

"बाबा, बनियान काढा."

"कायले? पागल झाली काय?"

"काढा म्हणते ना."

हसत हसत त्यांनी बनियान काढलं आणि पायरीवर पाठमोरे बसले. फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर काळे वळ उठवले होते, कातडी तिथं जाड झाली होती. मी तूप लावून हळूहळू चोळायला लागले. आधी ते अंग चोरत होते, मग सैल झाले.

"जरा डावीकडं," बाबा म्हणाले. "तिथं लय वर्सांपासून दुखते."

मला फक्त कंबर माहीत होती.