तो काय म्हणाला, ते आधी सांग

उजवा कान पुढे करायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि हातातला खडू समोरच्यावर रोखून म्हणायचं, "तो काय म्हणाला, ते आधी सांग." आमच्या सरांचं सगळं शिकवणं या एका वाक्यात मावतं. बाकीचं तर्कशास्त्र पुस्तकात होतं आणि पुस्तक आम्ही कोणीच घेतलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातलं ठाणं. बारावीला मी असे काही दिवे लावले की सायन्स आणि कॉमर्स या दोन्ही दारांतून मला सन्मानानं बाहेर ठेवण्यात आलं. आर्ट्सला नाव घातलं तेव्हा नौपाड्यातल्या बायका आईला भेटून गेल्या, "होईल हो काहीतरी त्याचं" म्हणून. मी तर्कशास्त्र घेतलं, कारण त्या वर्गात जागा शिल्लक होत्या. का होत्या, ते पहिल्याच शनिवारी कळलं.

शनिवारच्या शेवटच्या तासाला सर शिकवत नसत. कोणीतरी उठून एक मत मांडायचं. दुसऱ्याला ते खोडायचं असेल तर त्यानं खुशाल खोडावं. पण त्याआधी पहिला काय म्हणाला ते सांगायचं, आणि पहिल्यानं "हो, हेच म्हणालो मी" अशी कबुली दिल्याशिवाय आपलं मत मांडायचं नाही. सोपं वाटतंय ना? आज तुमच्या घरी जेवताना करून बघा. ताटावर हात वाळतील.

आमच्यात एक वक्तृत्वपटू होता. जिंकलेल्या ढालींसाठी त्याच्या वडिलांनी वेगळं कपाट केलं होतं. तो तावातावानं उठला.

"सर, त्याच्या मुद्द्यात मुळात दमच नाही—"

"दम नंतर बघू. तो काय म्हणाला, ते आधी सांग."

"तो काहीतरी बसच्या पासबद्दल..."

"काहीतरी म्हणजे काय?"

तेवढ्यात घंटा झाली, तरी सर कान पुढे करून तसेच उभे. पुढच्या शनिवारपासून त्याची प्रकृती बिघडू लागली.

सरांना कमी ऐकू येतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. घंटा झाली तरी ते तास चालूच ठेवत. त्यामुळे मागच्या बाकांवर एक सिद्धांत जन्माला आला होता: पद्धत-बिद्धत काही नाही, म्हाताऱ्याला पहिल्या खेपेला ऐकूच जात नाही, म्हणून तो सगळं पुन्हा वदवून घेतो. हा सिद्धांत एकानं धीर करून सरांना ऐकवला. म्हणजे निदान तशी सुरुवात केली. "सर, पोरं म्हणतात की तुम्हाला..." सरांनी कान पुढे केला. "कोण काय म्हणालं, ते नीट सांग." नीट सांगायची हिंमत त्याला झाली नाही आणि सिद्धांत सिद्धांतच राहिला.

एका शनिवारी विषय निघाला, कँटीनमध्ये मासे मिळावेत का. मी उठून वासावर जोरदार भाषण केलं. आमच्या घरी वार सोडून सगळे दिवस बांगडा चालायचा, ही गोष्ट वेगळी. मासे देणारी कोळीणही चालायची, फक्त उंबऱ्याच्या बाहेर. पुढच्या बाकावरून एक मुलगी उठली. चेंदणीच्या कोळीवाड्यातली, आई बाजारात मासे विकणारी. तिनं माझं भाषण माझ्यापेक्षा नीट सांगितलं, माझ्याकडून "हो" वदवून घेतलं आणि मग म्हणाली, "वासाचं नुसतं निमित्त आहे." पुढे आणखी दोन वाक्यं बोलून बसली. आता ती काय म्हणाली ते सांगायची पाळी माझी.

"ती म्हणते, कँटीनमध्ये मासे हवेत."

"नाय. असं नाय म्हटलं मी."

"ती म्हणते, माशांना वास येत नाही."

"येतो ना. असं कधी म्हटलं?"

दोन-तीन शनिवार असेच गेले. मधल्या दिवसांत मी तिला गाठून विचारू लागलो, की बाई, तू नेमकं म्हणालीस तरी काय? तलावपाळीवर भेळ खाताना विचारलं, कॉलेजच्या जिन्यात विचारलं. अभ्यासाची एवढी गोडी मला त्याआधी कधी लागली नव्हती. शेवटी एका शनिवारी मी उभा राहिलो. "ती म्हणते, मी डबा उघडला की बाकावरची माणसं उठून जातात. वास त्यांना घरी येत नाही, इथेच येतो. आणि ते मला लागतं."

ती बाकावर मागे वळली. मग म्हणाली, "हो. हेच म्हटलं मी." माझा मुद्दा काय होता, ते तेव्हापासून मला आठवत नाही.

तिच्याशीच लग्न करायचं, असं मी घरी सांगितलं त्या दिवसापासून आमच्या घरात वक्त्यांची कमतरता पडली नाही. काका आले, आत्या आली. जन्मात कधी आमची पायरी न चढलेले एक लांबचे भाऊजी खास उपदेशासाठी डोंबिवलीहून रिक्षानं आले. ऐकणारा मात्र एकही आला नाही. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि मी बॅग भरायला काढली. शेवटचा उपाय म्हणून बाबांनी सरांना बोलावणं धाडलं. मास्तरच्या शब्दाला मुलगा मान देईल, ही त्यांची भाबडी समजूत.

सर आले, चहा घेतला, उजवा कान बाबांकडे करून बसले. बाबा घराण्यापासून सुरू झाले. चार लोक, देवधर्म, चुलतबहिणींची लग्नं, काही सोडलं नाही. सरांनी खिशातून खडू काढला. त्यांच्या खिशात तो कायम असे. तो माझ्यावर रोखून म्हणाले, "वडील काय म्हणाले, ते आधी सांग."

"बाबा म्हणतात, ती कोळ्यांची आहे, म्हणून नको."

"असं कुठं म्हणालो मी?" बाबा उसळले.

"बाबा म्हणतात, लोक नावं ठेवतील."

"लोक गेले खड्ड्यात!" बाबा ओरडले आणि स्वतःच दचकले. इतका वेळ ते लोकांचंच बोलत होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. "बाबांना भीती वाटते," मी म्हणालो, "की मी तिकडचाच होऊन जाईन आणि यांच्याकडे परत यायचा नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "हो," ते म्हणाले. "हेच म्हणालो मी."

मग मी माझं म्हणणं मांडलं आणि खडू बाबांकडे वळला. मी दोनच वाक्यं बोललो होतो. पहिलं त्यांनी घडाघडा म्हटलं, "हा म्हणतो, लग्न करीन तर तिच्याशीच." दुसऱ्यापाशी अडले. सर वाट बघत राहिले, स्वयंपाकघराच्या दारात आई वाट बघत राहिली. "म्हणतो," बाबा खाली बघत म्हणाले, "तुम्हाला सोडून कुठं जाणार नाही."

आईनं कोणी न विचारता पुन्हा चहा टाकला.

पलीकडे तिच्या बापाचं म्हणणं होतं, "ज्या घरात वार पाळून मासे बंद, तिथं आमची पोर जगंल कशी?" मुद्दा बिनतोड होता. तिथं सरांची गरज पडली नाही. बाबा स्वतः गेले, त्यांचं म्हणणं त्यांनाच नीट सांगून आले, आणि घरातले वार निम्म्यावर आणले. पुढे सून आणि आई यांच्यात खटका उडाला की बाबा उजवा कान पुढे करत. त्यांचे दोन्ही कान ठणठणीत होते. तर्कशास्त्रात मी जेमतेम पास झालो, हेही सांगून टाकतो.

सर निवृत्त होऊन कोपरला राहायला गेले. नव्वदच्या दशकाअखेरीस बाबा वारले. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. ते डोंबिवलीचे भाऊजीही आले होते. त्या तेरा दिवसांत मी चकार शब्द बोललो नाही, बायकोशीसुद्धा. त्यानंतरच्या रविवारी मी उठलो आणि कोपरला गेलो.

दार सरांच्या बायकोनं उघडलं. "आता अजिबात ऐकू येत नाही हो त्यांना," त्या म्हणाल्या. "मशीन आणलंय, पण लावत नाहीत. म्हणतात, त्यातून पंखाच जास्त ऐकू येतो."

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी समोर बसलो आणि बोलत सुटलो. ऑफिसातली बदली, मुलीची शाळा, आमच्या बिल्डिंगचं पाणी, ठाण्यात वाढलेल्या रिक्षा. बाबांचं नाव काढलं नाही. ते काही केल्या निघतच नव्हतं. सर डोळे अर्धवट मिटून माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे, डोक्यावर नुकत्याच उगवलेल्या खुंटांकडे. सवयीनं उजवा कान पुढे केलेला.

मी थांबलो तेव्हा त्यांनी खिसा चाचपला. खडू नव्हता, मग बोटच पुढे केलं.

"आता मी सांगतो," ते म्हणाले. "तू म्हणालास, वडील गेले. घरात बोलणारे पुष्कळ आहेत, पण तुला त्यांचाच आवाज हवाय."

आत पंखा घरघरत होता. त्यांना ऐकू जाणार नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. मी मोठ्यानं म्हणालो, "हो सर. हेच म्हणालो मी."