सलाइनच्या बाटलीवरचं नाव

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. आणि मधे कुणी उठू नका. एकदा थांबले तर पुढचं सांगायची मला लाज वाटेल.

तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये सिस्टर होते. सगळे जण सायबर कॅफेत बसून एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप लिहायचे, ती साइट आठवते ना? तिथे मैत्रिणींचे काय एकेक फोटो! कुणी महाबळेश्वरला, कुणी नवऱ्याच्या बाइकवर. मी काय टाकणार? माझं आयुष्य इंजेक्शन आणि बेडपॅनमध्ये!

मग ठरवलं, रुग्णसेवेचाच फोटो टाकायचा.

तीन नंबरच्या बेडवर प्रशांत म्हात्रे होता. बदलापूरचा, पंचवीस-सव्वीसचा. आदल्या दिवशी मूळव्याधीचं ऑपरेशन झालेलं आणि साखरपुडा पंधरा दिवसांवर. भरती होतानाच त्याने हात जोडले होते. "सिस्टर, सासुरवाडीला कळता कामा नये हां! वरातीत पोरं मला घोड्यावर बसायला उशी आणून देतील."

"माझ्या तोंडून शब्द बाहेर पडणार नाही," मी म्हटलं.

शब्द नाहीच पडला. फोटो पडला!

भावाचा कॅमेऱ्याचा मोबाइल आयाबाईंच्या हातात दिला आणि सलाइनला हात लावून हसत उभी राहिले. प्रशांतला विचारलं, "फोटो काढू का? तुमचा चेहरा नाही येणार." तो गुंगीतच "हं" म्हणाला. ती मी परवानगी धरली.

संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन फोटो साइटवर टाकला. त्याचा चेहरा कापला. नाव लिहिलं नाही. आणि नाव लिहिलं नाही म्हणून आजार मात्र बिनधास्त लिहिला: 'मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर पेशंटची सेवा करताना मी.' शहाणपणा बघा माझा!

दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी संपवून कॅम्प तीनच्या सायबर कॅफेत गेले. नर्सिंगच्या मैत्रिणीचा, वैशालीचा स्क्रॅप आला होता. 'तुझं अक्षर अजून तसंच सुंदर आहे गं!'

मी फुलले. मग डोक्यात आलं, हिला माझं अक्षर दिसलं कुठे?

खाली तिचंच आणखी एक वाक्य होतं. 'हे प्रशांत म्हात्रे आमच्या बदलापूरचे का? नाव ओळखीचं वाटतंय.'

फोटो उघडला. तेव्हाचं नेट ते, वरून खाली इंच इंच उघडत होतं. आधी भिंत दिसली, मग स्टँड, मग बाटली. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी. औषधाची अदलाबदल नको म्हणून आम्ही प्रत्येक बाटलीवर पेशंटचं नाव लावतो ना! तिच्यावर मार्करने, माझ्याच हाताने, ठळक लिहिलेलं: 'प्रशांत म्हात्रे, बेड ३'.

फोटो काढून टाकायला माउस हलवला आणि लाइट गेली.

"लोडशेडिंग!" कॅफेवाला म्हणाला. "दो घंटा बैठो, सिस्टर."

"मेरा फोटो निकालना है, अर्जंट!"

"फोटो किधर भागा जा रहा है?"

अहो, भागतच होता! बदलापूरपर्यंत पोहोचला होता!

धावत बाहेर आले. रिक्षावाला चौथ्या सीटसाठी थांबलेला. त्याच्यावर अशी ओरडले की तो तिघांवरच अंबरनाथला निघाला. तिथल्या सायबर कॅफेत लाइट होती, पण सगळ्या कॉम्प्युटरवर कॉलेजची मुलं गेम खेळत बसलेली.

"उठ रे, पेशंट सिरियस आहे!" मी एकाला म्हटलं. तो बिचारा घाबरून उठला.

घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पान उघडलं आणि फोटो काढून टाकला. पण तोवर कुणी कुणी बघितला असेल? माझ्या हौसेपायी एका मुलाचं लग्न मोडणार, या विचाराने मला रिक्षात रडू आलं. प्रशांतला सगळं खरं सांगायचं ठरवून मी तशीच कॅम्प चारला परत आले.

वॉर्डात शिरले, तर बेडशेजारी एक मुलगी. प्रशांतने फोटोत दाखवलेली त्याची होणारी बायको, कविता! शेजारी पांढऱ्या टोपीतले तिचे वडील.

संपलं! मी सरळ हात जोडले. "काका, पाया पडते, लग्न मोडू नका! मूळव्याध काय, कुणालाही होते. फोटो मी काढून टाकलाय. सगळी चूक माझी आहे!"

काकांनी होणाऱ्या जावयाकडे बघितलं.

"मूळव्याध? आमाला तर मलेरिया सांगितलान!"

"आणि कुठला फोटो?" कविताने विचारलं.

फोटो त्यांच्यापैकी कुणी बघितलाच नव्हता हो! प्रशांतला भरती होताना गावातल्या कुणीतरी पाहिलं, म्हणून त्याने मलेरिया सांगून वेळ मारून नेली होती. मग मला फोटोचंही सांगावं लागलं. प्रशांतने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कविताने क्षणभर त्याच्या पाठीकडे बघितलं. "एवढंच ना? मला सांगायचं की. उद्या ताक आणते."

लग्न वाचलं. प्रशांत मात्र डिस्चार्जपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

त्या दिवशी निघताना काका दारात रेंगाळले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "डागदर बरा हाय का गो? मना पन दोन वर्सं तोच तरास हाय. घरात कुनाला सांगितला नाय."

मी लगबगीने नवा केसपेपर उघडला. "नाव सांगा, काका."

त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि परत मिटलं.

"ऱ्हाऊ दे. दुसरी सिस्टर कदी येते?"